पलटणीचा हुकूम आणि कारखान्याचे फाटक

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला सारे लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. माण-खटावात, जत-आटपाडीतही पाऊस रुसला म्हणजे घरच्या तरुणाने पलटणीची वाट धरावी, ही रीत जुनीच. जवान लढाईवर कसा गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. परतल्यावर त्याला काम कोणी दिले आणि त्या कामात तो कसा रुळला, हे मात्र क्वचितच विचारतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात होती. एवढी माणसे घरी येणार, म्हणून जुलै १९४५ मध्ये सरकारने पुनर्वसन व सेवायोजनाचे खाते उघडले. बेकारांच्या ओळखीची सेवायोजन कार्यालये प्रथम या सैनिकांसाठीच निघाली. इतरांना ती खुली झाली १९४८ साली. परंतु त्या काळी आपल्या भागात किर्लोस्करवाडी, सातारा रोड अशी कारखान्यांची ठिकाणे मोजकीच. फौजेत मोटार हाकायला शिकलेले कित्येक हात पुन्हा कुळवाकडे वळले, नाहीतर फाटकावरच्या पहाऱ्याला लागले.

नोकरी मिळणे वेगळे आणि नोकरीत रुळणे वेगळे. पलटणीत हुकूम म्हणजे हुकूम. कारखान्यात मात्र १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मालकालाही कामाच्या वेळा, रजा, शिक्षा यांचे नियम लिहून देणे भाग पाडले. शिवाय केंद्र सरकारच्या परवानगीवाचून सैनिकाला कामगार संघटनेत जाता येत नाही; १९५० च्या सेना कायद्याचे २१ वे कलम या मनाईचा आधार आहे. पंधरा-सतरा वर्षे ज्याला युनियन वर्ज्य होती, त्याने कारखान्यात येताच आमची पावती फाडावी, अशी अपेक्षा आम्ही कशी धरावी?

पण आम्ही ती धरली, आणि चुकलो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकावर एक निवृत्त हवालदार होते. संपात मालकाने त्यांना आमच्यापुढे उभे केले, आणि आम्ही त्यांना 'मालकाचा माणूस' ठरवून बोलणेच टाकले. पुढे त्यांच्यावरच पहाऱ्यात झोपल्याचा आळ आला. "साहेब सांगतात तर करतो सही," म्हणून त्यांनी कबुलीजबाबावर सही केली. नोकरी गेली. चौकशी मागण्याचा हक्क तुम्हांला आहे, एवढे सांगायला आमच्यातला एकही जण त्यांच्याकडे गेला नव्हता.

शेजारच्याला टाकून मागे फिरू नये, हे फौज शिकवते. संघटनेचा पहिला धडा तरी दुसरा कोणता आहे? तो धडा त्या हवालदारांना येत होता. विसरलो होतो ते आम्ही. तेव्हापासून नवा जवान कामावर आला, की आम्ही आधी त्याला पावती दाखवत नाही. चहा सांगतो, शेजारी बसतो, आणि कारखान्याचे नियम त्याला वाचून दाखवतो.