मुंबई बेटाची किनारवाट

बीड जिल्ह्यातील पाण्याचा एकही ओघ पश्चिम समुद्रास मिळत नाही. बिंदुसरा सिंदफणेत व सिंदफणा गोदावरीत शिरते; पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजराही दीर्घ वळसा घेऊन अखेर गोदावरीसच मिळते; आणि आष्टीकडील सीना भीमेच्या व कृष्णेच्या द्वारे पूर्व समुद्राकडेच जाते. बालाघाटावरील माणसाची पाठ अशी निसर्गतःच अरबी समुद्राकडे आहे. राज्यव्यवस्थेनेही त्यात भर घातली. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता. चलन निराळे, जकात निराळी. मुंबई म्हणजे परमुलूख. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा कोठे त्या शहराशी कायद्याचे नाते जडले. मग मुंबई हे मुळात एक बेट, नव्हे सात बेटांचा पुंजका होता, आणि त्याच्या कडेकडेने पहाटे व सायंकाळी पायी हिंडण्याची एक प्राचीन परंपरा आहे, ही गोष्ट इकडील पुष्कळांच्या गावी नसल्यास नवल नाही.

त्या परंपरेतील सर्वांत जुनी वाट वाळकेश्वराची. सीतेच्या शोधार्थ निघालेल्या रामचंद्राने येथे वाळूचे लिंग करून पूजिले, म्हणून तो वालुकेश्वर. तृषा भागविण्यासाठी बाण मारून पाणी काढले, ती बाणगंगा. कथा पुराणातील असली तरी तीर्थ शिलाहारांच्या काळचे मानितात. यात्रेकरू गिरगावच्या पुळणीवरून, माडांच्या सावलीने, टेकडीच्या पायथ्याशी येत आणि तेथून उभ्या चढणीने वर जात. या चढणीस शिडी म्हणत. इंग्रजांच्या जिभेवर तिचे ‘सिरी’ झाले व ‘सिरी रोड’ या रूपाने ते नकाशावरही चढले. टेकडी ओलांडली की पलीकडे खुला समुद्र. भूशिराच्या अगदी टोकाशी, लाटा आपटत असत अशा खडकात, एक भेग होती. तिला श्रीगुंडी म्हणत. तीमधून अंग आकसून पार निघाला तो पापमुक्त झाला, अशी श्रद्धा होती. पेशवाईस मुकलेला राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास मुंबईत राहिला असता या भेगेतून गेला होता, असे सांगतात. दर्यावर तळपणारा कान्होजी आंग्रेही शत्रूच्या बेटावर गुप्तपणे येऊन हा विधी करून गेला, अशी आख्यायिका आहे.

आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी तिच्या शेजारी घडलेली एक हकीकत मात्र दप्तरी नोंदलेली आहे. पोर्तुगीजांच्या अमदानीत वाळकेश्वराचे जुने देऊळ उद्ध्वस्त झाले होते. ते १७१५ च्या सुमारास पुन्हा बांधविले रामा कामती या शेणवी गृहस्थाने. हा इंग्रज कंपनीचा भरवशाचा माणूस. तिच्या हिंदी शिपायांचा पुढारी आणि मोठा व्यापारी. परंतु १७२० मध्ये आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आळ त्याजवर आला. गव्हर्नर बून याच्या कारकिर्दीत खटला चालला, पत्रे पुढे करण्यात आली, मालमत्ता जप्त झाली, आणि देवास घर देणारा हा पुरुष तुरुंगातच मेला. ती पत्रे बनावट होती, हे मागाहून उघडकीस आले. तोवर उपयोग काय? वाळकेश्वराच्या पायऱ्या उतरणाऱ्यांपैकी किती जणांस त्याचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे. पुढे श्रीगुंडीच्या त्या भूशिरावर गव्हर्नराचे निवासस्थान झाले. राजभवन म्हणून पुढे ओळखले गेले ते हेच. यात्रेकरूंची वाट बाणगंगेपाशी थांबली.

त्या काळी सबंध बेटाची प्रदक्षिणा पायी करणे मात्र कोणास शक्य नव्हते. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी आत घुसे आणि बेटांच्या मधला सखल भाग बुडवून टाकी. पायधुणी हे नाव त्याचीच साक्ष देते. चिखलपाणी तुडवून आलेला मनुष्य तेथे पाय धुऊन गावात शिरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी गव्हर्नराच्या नावाने ओळखला जाणारा बांध पडला आणि ते खिंडार बुजले. मग १८०३ साली शीवचा, १८३८ साली कुलाब्याचा व १८४५ साली माहीमचा असे रस्ते समुद्रातून निघाले. माहीमच्या रस्त्यासाठी सर जमशेदजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी मोठी देणगी दिली. तो रस्ता आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बेटपण गेले, पण किनारा राहिला.

किनारा राहिला, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. बेटास दोन किनारे असतात; एक उगवतीचा व एक मावळतीचा. मुंबईच्या उगवतीच्या अंगास शांत, खोल खाडी आहे, आणि हेच तिचे भाग्य व तेच दुर्भाग्य. जहाजांस जे पाणी सोयीचे, ते फिरणाऱ्याच्या वाट्यास फार काळ राहात नाही. १८७३ मध्ये बंदराचा कारभार पाहणारे विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी, अशा एकामागून एक गोद्या झाल्या; माझगावापासून पुढे वखारी, लोहमार्ग व उंच भिंती उभ्या राहिल्या. प्रिन्सेस गोदीसाठी खणताना समुद्रसपाटीच्या खाली चिखलात शेकडो वृक्षांचे बुंधे उभेच्या उभे सापडले. एके काळी तेथे अरण्य होते आणि जमीन खचून ते पाण्याखाली गेले होते! निसर्गाने बुडविलेला तो किनारा माणसाने उकरला आणि भिंतीआड घातला. उगवता सूर्य मोकळेपणी पाहावयास सामान्य माणसाला पालवा बंदर, ज्याचे इंग्रजांनी अपोलो केले, एवढी एक लहानशी खिडकी उरली. तेथे डिसेंबरात सूर्य उरणच्या डोंगराकडून वर येतो आणि सरकत सरकत मेअखेर घारापुरीच्या माथ्यापाशी पोचतो. हा क्रम वर्षभर कोणी नेमाने पाहिला तर त्यास पंचांगाची गरज पडू नये.

मावळतीच्या किनाऱ्याची कथा निराळी. तिकडे पाणी उथळ, खडकाळ आणि पावसाळ्यात बेफाम, गोदीस निरुपयोगी. म्हणूनच तो माणसांस उरला. एकोणिसाव्या शतकात बॅक बेच्या वाळूवर सायंकाळी पारशी स्त्रीपुरुष मावळत्या सूर्याकडे तोंड करून प्रार्थना करीत, आणि परदेशी प्रवाशांनी ते दृश्य कौतुकाने वर्णिले आहे. जवळच सोनापूरला हिंदूंची प्रेते जळत. पूजा, शोक व विहार, तिन्ही एकाच पुळणीवर. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मुंबई ही हा किनारा भरावाखाली जाण्यापूर्वीची होय. कारण अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात ओतला जात होता आणि बॅक बे भरून जमीन करण्याच्या कंपनीचे भाग घेण्यासाठी सावकारापासून कारकुनापर्यंत सारे वेडावले होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, कंपनी बुडाली आणि तिजबरोबर असंख्य घरे बुडाली. भरलेल्या पट्टीवरून लोहमार्ग गेला. १९२० नंतर सरकारने हाच उद्योग पुन्हा आरंभिला. त्यातील उधळपट्टी व गैरव्यवहार खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर मांडले. भरणी ठरल्याप्रमाणे पुरी झाली नाही, पण १९४० च्या सुमारास मरीन ड्राइव्ह हा अर्धचंद्राकृती रस्ता तयार झाला. संध्याकाळी तेथे फिरणाऱ्याच्या पायाखाली आजोबांच्या वेळचा समुद्र आहे. हिवाळ्यात तेथून सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसतो. उन्हाळ्यात तो मलबार टेकडीआड जातो.

त्याच किनाऱ्यावर, गिरगावच्या वाळूत, १९२० च्या ऑगस्टात लोकमान्य टिळकांच्या देहास अग्नी देण्यात आला. पुढे उत्तरेस, वरळी-हाजीअलीच्या बाजूने, समुद्र पुन्हा एकदा भरून सागरी किनारा मार्ग काढण्यात आला. २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याच्या कडेने पायी फिरणाऱ्यांसाठीही पथ आहे, हे खरे. परंतु वरळीच्या कोळ्यांस आपल्या होड्या ये-जा करण्यापुरते पुलाच्या खांबांत अंतर ठेवा, यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले, तेव्हा कोठे ते अंतर वाढवून मिळाले. फिरावयास येणाऱ्याची वाट आराखड्यात आधीच होती. बेटाच्या मूळ रहिवाशांची मागून आली.

दादरच्या किनाऱ्याशी बीडचा संबंध जडला तो मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर सव्वा महिन्याच्या आत. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर तेथील वाळूत अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी ६ डिसेंबरास मराठवाड्यातून माणसांचे लोंढे तेथे येतात. त्यांत बालाघाटावरील गावांची, तांड्यांची, वाड्यावस्त्यांची माणसे असतात. कित्येकांना समुद्राचे पहिले दर्शन तेथेच घडते. रात्रभर प्रवास करून आलेली ही मंडळी चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहण्यापूर्वी पहाटे वाळूवरून चालतात, पाण्यात पाय बुडवितात, लेकरांच्या तोंडाला खारे पाणी लावून त्यांची गंमत पाहतात. समोर लाटा अजून काळ्या असतात. उजेड पाठीमागून, इमारतींच्या वरून, ज्या दिशेने ती आली त्या दिशेकडून हळूहळू पाण्यावर उतरतो, आणि मग रांग पुढे सरकू लागते.