तळपायांची आग

मंडळी, वैशाखात अनवाणी चाललं की पाय पोळतात, हे आपण जाणतोच. पण सावलीत बसूनही पाय लालबुंद व्हावेत, निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळावेत, याला काय म्हणाल?

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी सायलस वेअर मिचेल नावाचे डॉक्टर होते. यादवी युद्धात गोळ्यांनी मज्जातंतू दुखावलेले सैनिक त्यांनी तपासले होते. रोग्याचं गाऱ्हाणं नीट ऐकून घ्यायची सवय त्यांना तिथंच लागली असावी. १८७८ साली त्यांनी या दुर्मिळ विकाराला ‘एरिथ्रोमेलाल्जिया’ असं ग्रीक नाव दिलं. लाल, अवयव आणि वेदना, एवढाच त्याचा अर्थ. ऊब लागली, फार वेळ उभं राहिलं, की आग भडकते. पाय वर घेतले, गार केले, की शमते. म्हणून असा रोगी थंडीतही पाय पांघरुणाबाहेर काढून झोपतो. पाय तासन्‌तास बर्फाच्या पाण्यात बुडवून बसणं मात्र वाईट, बरं का! कातडी खराब होऊन जखमा होतात.

मूळ सापडायला पुढं सव्वाशे वर्षं लागली. २००४ साली चिनी संशोधकांना या रोगाच्या आनुवंशिक प्रकारात एका जनुकाचा दोष आढळला. वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना सोडियमची बारीक दारं असतात. या दोषामुळं ती नको तितक्या सहज उघडतात. पायाला जखम नसते, काटा नसतो, तरी मेंदूकडं जळल्याची वर्दी जात राहते.