तुमचा अलाउद्दीन

२०१७ सालचा डिसेंबर. गणेशपुरीहून भिवंडीला परतायला एसटीची वाट पाहत उभा होतो. शेजारी एक वयस्कर फ्रेंच गृहस्थ होते, इथल्या आश्रमात आलेले. मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत गप्पा सुरू झाल्या. माझं नाव ऐकल्यावर ते हसून म्हणाले, "तुमच्या अलाउद्दीनला मी पॅरिसमध्ये गाताना ऐकलंय!"

मी दचकलोच. ते दिवसच तसे होते. 'पद्मावती' सिनेमावरून देश पेटला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर त्याचा सेट जाळला गेला होता. चहाच्या टपरीवरसुद्धा लोक 'तुमचा अलाउद्दीन' असंच म्हणत. जणू आमच्या खानदानातला कुणी चुलता. पण तो पॅरिसमध्ये गातो कसा? घरी येऊन शोध घेतला आणि आल्बेर रुसेल हा माणूस भेटला.

रुसेल यांचा जन्म ५ एप्रिल १८६९चा, उत्तर फ्रान्समधल्या तुरकुआं गावचा. लहानपणीच आईबाप गेले. आजोबांनी आणि नंतर नातेवाइकांनी वाढवलं. पोराला समुद्राचं वेड, म्हणून आरमारात भरती झाला. बोटीवरून थेट हिंदचीनपर्यंत जाऊन आला. पण मन संगीतात. १८९४ साली, पंचविशीत, त्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि नव्याने विद्यार्थी झाला. पुढे पॅरिसच्या स्कोला कांतोरम या संस्थेत तो शिकला आणि तिथेच शिकवूही लागला. एरिक साती हे त्याच्याहून वयाने मोठे संगीतकार त्याच्या वर्गात बसले होते.

१९०९ साली पत्नी ब्लांश यांच्यासोबत रुसेल हिंदुस्थानात आले. वेरूळची लेणी, जयपूर आणि बनारस यांवर त्यांनी तीन भागांची एक वाद्यवृंद-रचना केली. १९१२ साली पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा वाजली. तिचा पहिला भाग लेण्यांच्या अंधारातल्या देवांवर आहे. म्हणजे आपल्या वेरूळचा काळा दगड शंभर वर्षांपूर्वी युरोपच्या व्हायोलिनांवर चढला होता.

याच प्रवासात त्यांनी चित्तोडचे भग्न अवशेष पाहिले. थिओडोर पावी या अभ्यासकाने १८५६ साली पद्मिनीची कथा फ्रेंचमध्ये आणली होती. तिच्या आधारे लुई लालोय यांनी संहिता लिहिली आणि रुसेल 'पद्मावती' या ऑपेराच्या कामाला लागले. मध्येच पहिलं महायुद्ध आलं. पंचेचाळिशीतल्या रुसेलनी आघाडीवर रुग्णवाहिका चालवली, मग लष्करी वाहतुकीत अधिकारी म्हणून काम केलं. १९१८ साली ऑपेरा पूर्ण झाला आणि १ जून १९२३ रोजी पॅरिस ऑपेरात रंगमंचावर आला.

आता गंमत पाहा. या ऑपेरात अलाउद्दीन 'मोगलांचा सुलतान' आहे. चित्तोड पडलं १३०३ साली आणि मोगल दिल्लीत आले १५२६ साली. २२३ वर्षांची चूक! शेवट तर आणखी वेगळा. शहर वाचवण्यासाठी रतनसेन पद्मावतीला सुलतानाच्या हवाली करायला तयार होतो. तिला हे पाप वाटतं. ती स्वतःच नवऱ्याला खंजीर मारते आणि त्याच्या चितेवर जाते. आपल्याकडे असं दाखवलं असतं तर किती सेट जळाले असते?

मूळ कथा तरी कुणाची? चित्तोडच्या स्वारीत अमीर खुस्रो सुलतानासोबत होते. त्यांनी वेढ्याचं वर्णन लिहिलं. त्यात पद्मिनीचं नाव नाही. ती आपल्याला भेटते १५४० साली, तब्बल २३७ वर्षांनी, मलिक मुहम्मद जायसी यांच्या अवधी 'पद्मावत'मध्ये. जायसी सूफी मुसलमान. त्यांच्या काव्यात विजयी सुलतानाच्या हाती शेवटी राखच लागते. सत्तेच्या हव्यासाला इतकं रितं ठेवणारा कवी मुसलमान होता, हे वादात उतरलेल्या किती जणांना ठाऊक होतं?

अलाउद्दीनची वकिली मला करायची नाही. तो काही वली नव्हता. १२९६ साली त्याने देवगिरीवर चालून येऊन रामदेवराय यादवांकडून अफाट खंडणी नेली. त्याच वर्षी स्वतःच्या चुलत्याला मारून तो तख्तावर बसला. हा इतिहास पुरेसा काळा आहे. त्याला कथेचा आणखी रंग द्यायची गरज नाही. पण त्याचा हिशेब भिवंडीत माग चालवणाऱ्या माणसाने का द्यावा? दिल्लीच्या तख्ताशी आमचं नातं तेवढंच, जेवढं त्या फ्रेंच पाहुण्याचं नेपोलियनशी.

रुसेल २३ ऑगस्ट १९३७ रोजी वारले. नॉर्मंडीत समुद्राकाठच्या वारांजव्हील गावी त्यांची कबर आहे. त्यांच्या हयातीनंतर २००८ साली पॅरिसच्या शातले थिएटरने 'पद्मावती' पुन्हा उभी केली. दिग्दर्शक होते मुंबईचे संजय लीला भन्साळी! दहा वर्षांनी, जानेवारी २०१८मध्ये, सिनेमा आला तोही त्यांचाच. नाव तेवढं बदलून 'पद्मावत' झालं.

अवधी सूफी, फ्रेंच आरमारी, मुंबईचा दिग्दर्शक. तिघांनी आपापला अलाउद्दीन घडवला. त्या दिवशी एसटी आली आणि मी उत्तर न देताच चढलो. आज तो पाहुणा भेटला, तर म्हणेन, "साहेब, तो माझा नव्हे. जायसी मात्र माझे आहेत. आणि तुमचेही."