इनकमिंगचा दर

१९९८ च्या सुमारास मी मध्य भारतातील एका मोठ्या शहरात नेमणुकीवर होतो. सरकारी निवासस्थानातील विजेची जोडणी जुनी होती. ती वारंवार बिघडे आणि दर वेळी त्याच एका कारागिराला बोलवावे लागे. त्याच्याजवळ मोबाईल होता, हे त्या काळी नवलच. पण त्याला फोन केला की दोन घंटा वाजत आणि फोन कापला जाई. पाच-दहा मिनिटांनी कुठल्यातरी पी.सी.ओ.वरून त्याचाच उलट फोन येई. प्रथम मला हा उद्धटपणा वाटला. एके दिवशी विचारले, तेव्हा त्याने शांतपणे हिशेब मांडला. मोबाईलवर माझे बोलणे ऐकून घ्यायलाच त्याला मिनिटाला काही रुपये पडत. काम मिळेल की नाही याची खात्री नसताना तो खर्च त्याने का करावा? बूथवरून स्थानिक फोन एका रुपयात होई. म्हणजे एवढे महागडे यंत्र तो केवळ घंटी ऐकण्यासाठी बाळगत होता.

लहान व्यावसायिकांना नवे तंत्रज्ञान कसे मिळवून द्यावे, यावर मी सेवेत असताना असंख्य बैठका पाहिल्या. प्रशिक्षण, अनुदान, मेळावे, लाभार्थींच्या याद्या हे सर्व त्यांत असे. त्या कारागिराची अडचण मात्र यांपैकी कशानेच सुटणारी नव्हती. त्याला फोन वापरता येत होता, तो त्याच्याकडे होताही. अडचण दराच्या रचनेत होती आणि ती रचना दिल्लीत ठरलेली होती.

मोबाईलपूर्व काळाची थोडी आठवण इथे करायला हवी. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहिलेल्या वाचकांना पिवळ्या पाटीचे ते बूथ आठवत असतीलच. रात्री अकरानंतर एस.टी.डी.चा दर चौथाईवर येई आणि पुण्या-नागपूरच्या घरी चार शब्द बोलण्यासाठी आपण रांगेत उभे राहत असू. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटची देशी एक्स्चेंजेस आणि हे बूथ यांनी टेलिफोन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला, यात शंका नाही. परंतु बूथवरून माणूस बोलू शके, तो सापडत मात्र नसे. नळकारागीर, रंगारी, भाड्याची गाडी चालवणारा यांच्या कार्डावर नंबराखाली ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरे असत. फोन शेजारच्या वाण्याचा असे आणि निरोप मिळणे त्या वाण्याच्या मर्जीवर.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर खासगी कंपन्यांना मोबाईलचे परवाने मिळाले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीला मोबाईलवरून संभाषण केले. सुरुवातीचा दर मिनिटाला ८ रुपये ४० पैसे, गर्दीच्या वेळी त्याच्या दुप्पट. आणि हा दर करणाऱ्याला तसाच घेणाऱ्यालाही. मोबाईल ही श्रीमंतांची चैन आहे, तेव्हा येणाऱ्या फोनचाही भार त्यांनीच सोसावा, असा त्यामागे विचार असावा. कंपन्यांनी परवान्यांसाठी वार्षिक शुल्काच्या अवाच्या सवा बोली लावल्या होत्या. ग्राहक मोजके आणि शुल्क ठरावीक, म्हणून दर उतरेनात. १९९९ च्या नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली, तेव्हा ती कोंडी फुटली. कंपन्यांना दिलेली सवलत म्हणून तेव्हा त्यावर पुष्कळ टीका झाली. टीका अगदीच अनाठायी नव्हती.

इनकमिंगचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) १९९९ मध्येच ‘फोन करील तो पैसे देईल’ असा नियम काढला होता. महानगर टेलिफोन निगम आणि एक ग्राहक संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. लँडलाईनवरून फोन करणाऱ्या मध्यमवर्गीयाने मोबाईलवाल्याचे ओझे का उचलावे, हा प्रश्न वरवर पाहता न्याय्यच होता. जानेवारी २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. परवान्यांच्या अटी आणि कंपन्यांमधील महसुलाची वाटणी बदलण्याचा अधिकार तत्कालीन कायद्याने प्राधिकरणाला दिलेला नव्हता. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. पुढे स्पर्धा वाढली. ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगम मोबाईलच्या क्षेत्रात उतरला. अखेर १ मे २००३ पासून, नव्या विनियमानुसार, येणारा फोन सर्वत्र मोफत झाला. लँडलाईनवरून मोबाईलला फोन करणे महागले, तेव्हा वर्तमानपत्रांतून बराच आरडाओरडा झाला. त्या आरडाओरड्यात मीही सामील होतो, हे कबूल करतो.

मार्च २००३ मध्ये देशात सुमारे १ कोटी ३० लाख मोबाईल जोडण्या होत्या; वर्षभरात त्या तीन कोटींच्या पुढे गेल्या. याचे सगळे श्रेय एका विनियमाला देता येणार नाही. यंत्रे स्वस्त झाली होती, प्रीपेड कार्डे पानाच्या टपरीवर मिळू लागली होती. पण हातावर पोट असलेल्या कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर फरक याच तारखेने पडला. त्याचा धंदा येणाऱ्या फोनवर चालतो, आणि तो फोन आता त्याला फुकट होता. करायच्या फोनसाठी त्याने ‘मिस्ड कॉल’ची युक्ती काढली. ‘पी.पी.’ ही अक्षरे कार्डांवरून केव्हा नाहीशी झाली, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

आता केरळकडे वळतो, कारण तिथे मोबाईल १ मे २००३ च्या आधीच, महाग असतानाच, लहान धंद्यात शिरला होता. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास कोझिकोड, कण्णूर आणि कासरगोड या तीन उत्तरेकडील जिल्ह्यांतील तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचा आहे. तारलीला तिकडे मत्ती म्हणतात. ती स्वस्त मासळी, टिकत नाही, त्यामुळे पहाटे किनाऱ्यावरच विकावी लागते. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी वडकरा येथे अकरा मच्छीमारांना गिऱ्हाईकच मिळाले नाही आणि पकडलेली मासळी टाकून द्यावी लागली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत, दोन शेजारच्या बाजारांत, सत्तावीस खरेदीदार मासळी नाही म्हणून रिकाम्या हाताने परतण्याच्या बेतात होते.

१९९७ ते २००१ या काळात हे तीन जिल्हे एकामागून एक मोबाईलच्या कक्षेत आले. किनाऱ्यावरील मनोऱ्यांचा संदेश समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत पोहोचे, म्हणून होडी परतीच्या वाटेवर असतानाच मच्छीमार चार बाजारांत चौकशी करू लागले. पूर्वी मासळीचा पाच ते आठ टक्के भाग वाया जाई. तो प्रकार थांबला. मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. एका होडीची सकाळची मासळी वाचली तर फोनचा खर्च भरून निघे. माझ्या कारागिराचा तसा भरून निघत नव्हता. सरकारने या मच्छीमारांसाठी मोबाईलची कोणतीही योजना आखली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

हा अभ्यास नंतर जगभर उद्धृत झाला, आणि काहीसा जास्तच. २०१३ मध्ये जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी केरळचे किनारे पुन्हा पाहिले, तेव्हा चित्र इतके सरळ नव्हते. अनेक मच्छीमारांनी होडी-जाळ्यांसाठी लिलाव करणाऱ्या दलालाकडून उचल घेतलेली असते, आणि मासळी त्याच्यामार्फतच विकण्याचे बंधन असते. शेजारच्या बंदरातील भाव फोनवर कळतो, पण होडी तिकडे वळवता येत नाही. महसूल खात्यात काम केलेल्या कुणालाही हे नवे वाटू नये. शेतकरी आणि अडत्या यांचे नाते याहून निराळे नाही.

इनकमिंगचीच कहाणी पुढे पैशांच्या बाबतीत घडली. कार्डाचे यंत्र लहान दुकानदार घेत नसे, कारण पैसे स्वीकारण्यासाठी त्यालाच टक्केवारी आणि भाडे द्यावे लागे. एप्रिल २०१६ मध्ये यू.पी.आय. आले आणि १ जानेवारी २०२० पासून त्यावरील व्यापाऱ्याचे शुल्क शून्य करण्यात आले. जूनमध्ये पी.एम. स्वनिधी योजना आली. तेव्हा फेरीवाल्याला पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते, आणि मोबाईलवरून पैसे घेतल्यास महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परतावा मिळे. शुल्क शून्य झाले म्हणून खर्च शून्य झाला नाही. त्यातील काही भाग केंद्राच्या अर्थसंकल्पातून बँकांना प्रोत्साहन म्हणून दिला जाऊ लागला आणि काही बँका व कंपन्याच सोसू लागल्या.

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीबाहेरील भाजीवालीकडे उभा होतो. गाडीवर क्यू.आर.चा कागद आणि शेजारी पैसे आल्याची घोषणा करणारा छोटा डबा. डबा कंपनीचा आहे, असे ती म्हणाली. कागद फुकट, डब्याचे भाडे दरमहा तिच्या खात्यातून आपोआप कापले जाते. गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचे नुसते नाटक करून जातात, म्हणून तो ठेवावाच लागतो.