लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : डॉक्टरांचा होकार आणि विमा कंपनीची अट

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करायची की नाही, हे ठरविण्यास कुटुंबाला कित्येकदा वर्षे लागतात. नाना प्रकारचे डाएट होतात, जिमची वर्गणी भरून होते, 'तोंडावर ताबा ठेवला असता तर...' ही वाक्ये ऐकून होतात. अखेर शल्यचिकित्सक होकार देतात, तारीख ठरते आणि मग विमा कंपनीचे उत्तर येते : सदर उपचार पॉलिसीच्या अटींत बसत नाही. खर्चाचा आकडा लाखांत असल्याने हे एक वाक्य सारी तयारी उधळून लावते. यातील काही नकार वेळीच काळजी घेतल्यास टळू शकतात, काही मात्र अटळ असतात. आपला प्रश्न कोणत्या प्रकारातला, हे बहुधा पहिल्याच भेटीत कळू शकते.

दोन मोजपट्ट्या

वैद्यकशास्त्र आणि विमा पॉलिसी एकाच रुग्णाला दोन वेगळ्या मोजपट्ट्या लावतात, हे या गोंधळाचे मूळ आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की 'बॉडी मास इंडेक्स' म्हणजेच बीएमआय मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये बोलावलेल्या परिषदेने शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४० किंवा, सोबत गंभीर आजार असल्यास, ३५ ही मर्यादा सुचविली. पुढील तीन दशकांत शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागल्या, धोका कमी झाला आणि मधुमेहावरील त्यांचा परिणामही स्पष्ट झाला. त्यामुळे २०२२ मध्ये या क्षेत्रातील अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा खाली आणली. सोबत आजार असो वा नसो, बीएमआय ३५ असल्यास शस्त्रक्रियेची शिफारस करावी आणि आशियाई वंशाच्या व्यक्तींमध्ये २७.५ पासूनच तिचा विचार व्हावा, अशी ही नवी भूमिका आहे. आशियाई माणसाची चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेह त्याला कमी वजनातच गाठतो, हे त्यामागचे कारण. भारतीय तज्ज्ञांनी तर २००९ मध्येच बीएमआय २५ च्या पुढे लठ्ठपणा धरावा, असे म्हटले होते.

विम्याची भाषा मात्र बव्हंशी १९९१ च्याच मुक्कामावर आहे. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळावयाच्या बाबींची शब्दरचना प्रमाणित केली. तीतील सहाव्या क्रमांकाचे कलम लठ्ठपणाचे असून आजही ते बहुतेक पॉलिसींच्या पुस्तिकेत आढळते. त्यानुसार शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व वैद्यकीय नियमावलीस धरून व्हावी लागते आणि रुग्णाचे वय किमान १८ असावे लागते. बीएमआय ४० किंवा अधिक हवा. तो ३५ ते ४० असल्यास दोन गोष्टी लागतात : वजन घटविण्याचे सौम्य उपाय करूनही अपयश आलेले असणे आणि चारपैकी एक आजार. लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार आणि नियंत्रणात नसलेला टाइप-२ मधुमेह, हे ते चार आजार.

ही यादी नीट वाचावी. तीत गुडघेदुखी नाही. 'आधी वजन कमी करा, मग गुडघा बदलू' असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितलेले किती तरी रुग्ण असतात. त्यांच्या दुखण्याला या कलमात स्थान नाही. उच्च रक्तदाब, यकृतातील चरबी, स्त्रियांमधील पीसीओएस व त्यातून येणारे वंध्यत्व यांचाही उल्लेख नाही. मधुमेहाच्या अटीत तर एक विचित्र पेच आहे. ज्याने पथ्यपाणी सांभाळून साखर आटोक्यात ठेवली, त्याचा मधुमेह 'नियंत्रणात नसलेला' ठरत नाही!

फूटपट्टीचे महत्त्व

उंची १६० सेंटीमीटर असल्यास ४० बीएमआय म्हणजे १०२.४ किलो आणि ३५ म्हणजे ८९.६ किलो. आता हीच १०२.४ किलोची व्यक्ती चपला घालून उभी राहिली आणि उंची १६२ सेंटीमीटर नोंदली गेली, तर बीएमआय ३९ वर येतो आणि पात्रता हुकते. प्रौढांची उंची अनेकदा मोजली जातच नाही. जुन्या कागदावरची किंवा रुग्णाने सांगितलेली लिहिली जाते. त्यामुळे पहिल्या भेटीतच अनवाणी उंची व वजन मोजून घ्यावे आणि ते रुग्णालयाच्या कागदावर तारीख, सही व शिक्क्यासह नोंदवून घ्यावे.

याला आणखी एक कारण आहे. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनयुक्त आणि बव्हंशी द्रव आहार दिला जातो. लठ्ठ व्यक्तीचे यकृत चरबीने फुगलेले असते आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर येतो. या आहाराने तो आकसला की शल्यचिकित्सकांना जागा मिळते. मात्र याच काळात काही किलो वजन उतरते व काठावरचा रुग्ण आकड्याच्या खाली जाऊ शकतो. आहार सुरू होण्यापूर्वीचे वजन कागदावर असेल, तर डॉक्टरांना आपल्या पत्रात दोन्ही आकडे देऊन घट कशामुळे झाली हे स्पष्ट करता येते. आकडा गाठण्यासाठी मुद्दाम वजन वाढविण्याचा मोह काहींना होतो. भूल आणि श्वसन या दोन्ही दृष्टींनी तो धोकादायक आहे.

'सौम्य उपायांचे अपयश' हीदेखील सिद्ध करण्याची बाब आहे. आहारतज्ज्ञांचे कागद, वजनाच्या तारीखवार नोंदी, घेतलेल्या औषधांच्या किंवा इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. 'खूप प्रयत्न केले' हे तोंडी सांगणे विमा कंपनीच्या लेखी शून्य असते.

शरीराची तयारी

रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, लोह, जीवनसत्त्व 'ड' आणि 'बी-१२', पोटाची सोनोग्राफी, ईसीजी आणि टूडी इको या तपासण्या सहसा होतातच. शाकाहारी घरांत 'बी-१२' ची कमतरता सर्रास आढळते. ती आधीच भरून काढलेली बरी. दुर्बिणीतून जठराची तपासणी केली जाते, तिचा शस्त्रक्रियेच्या निवडीशी थेट संबंध आहे. 'स्लीव्ह' पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात. या पद्धतीने आम्लपित्ताचा त्रास बळावू शकतो. त्यामुळे अन्ननलिकेला आधीच इजा झालेली असल्यास 'बायपास'चा विचार होतो.

घोरण्याकडे घरात विनोदाचा विषय म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात झोपेची रात्रभराची तपासणी दोन्ही आघाड्यांवर मोलाची ठरते. विकार तीव्र निघाला, तर भुलीपूर्वी श्वासाचे यंत्र वापरून फुप्फुसांची तयारी करता येते आणि पॉलिसीतील चार आजारांपैकी एकाचा पुरावाही हाती येतो.

तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद व्हावी लागते. निकोटिनमुळे जखम भरून येण्यास अडथळा होतो आणि धूम्रपान करणाऱ्यांना बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका वाढतो. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला नाही म्हणणाऱ्या अनेक गृहिणी मिश्री लावतात आणि ती तंबाखूत धरत नाहीत. डॉक्टरांपाशी तिचाही उल्लेख व्हायलाच हवा. मधुमेहाच्या काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजन घटविणारी इंजेक्शने घेत असल्यास भूलतज्ज्ञांना ते ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण त्यांमुळे जठर रिकामे होण्यास विलंब लागतो. शस्त्रक्रियेनंतर वजन उतरू लागताच गर्भधारणेची शक्यता वाढते. मात्र पुढचे १२ ते १८ महिने ती टाळण्याचा सल्ला दिला जातो. गर्भनिरोधनाविषयी आधीच बोलून घ्यावे.

मानसोपचारतज्ज्ञांची भेट म्हणजे वेडाची तपासणी, हा गैरसमज अजूनही आहे. अनावर खाणे, मद्यपान, नैराश्य यांचा अंदाज घेणे आणि पुढील आयुष्यभराची पथ्ये रुग्णाला समजली आहेत की नाहीत हे पाहणे, एवढाच तिचा हेतू असतो.

पूर्वपरवानगीचा अर्ज

कॅशलेस सुविधेसाठीचा अर्ज रुग्णालयाच्या विमा कक्षातून जातो. त्यातील काही भाग डॉक्टर भरतात. तो पाठविण्यापूर्वी रुग्णाने स्वतः वाचावा, कारण घोळ बहुधा एका रकान्यात होतो : आजार केव्हापासून? मधुमेहाचे निदान दोन वर्षांपूर्वी झाले असता घाईत 'पाच वर्षे' असे लिहिले गेले, तर पॉलिसी घेताना आजार दडविल्याचा संशय येतो. पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून कमाल ३६ महिने आहे. शिवाय काही पॉलिसींत लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी वेगळा प्रतीक्षाकाळ किंवा रकमेची मर्यादा असते. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. नोकरीतून मिळणाऱ्या सामूहिक विम्याच्या अटी निराळ्या, कधी अधिक उदारही असतात. त्या कार्यालयातून लेखी मागवाव्यात.

नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय अपेक्षित आहे. तरीही कागद अपुरे असल्यास शंका विचारल्या जातात आणि दिवस जातात. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असल्याने अर्ज काही दिवस अगोदर देणेच शहाणपणाचे. डॉक्टरांच्या पत्रात बीएमआय, सोबतचे आजार, आधीचे उपाय आणि शस्त्रक्रियेची गरज हे सारे स्पष्ट हवे. 'वजन कमी करण्यासाठी' एवढेच लिहिलेले पत्र सौंदर्योपचाराच्या शंकेला जागा देते.

नकार आल्यास

कॅशलेस नाकारणे आणि दावा नाकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नाकारली तरी बिल भरून नंतर परतफेडीचा दावा करता येतो. दावा नाकारताना कंपनीने पॉलिसीतील नेमके कलम दाखविणे बंधनकारक आहे. ते लेखी मिळवून प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे दाद मागता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभरात तक्रार करावी लागते. मोजमापातील वाद, आजाराच्या कालावधीविषयीचा संशय, अपुऱ्या कागदांचे कारण अशा प्रकरणांत दाद मिळण्याची आशा असते. बीएमआय ३२ असताना नव्या वैद्यकीय शिफारशींचा दाखला देऊन करारातील ३५ चा आकडा बदलून मिळण्याची अपेक्षा मात्र धरू नये.

अशा रुग्णांपुढे स्वखर्चाचाच मार्ग उरतो. रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घेताना स्टेपलरसारख्या एकदाच वापरावयाच्या साहित्याची किंमत, आणि गुंतागुंत होऊन मुक्काम वाढल्यास येणारा खर्च वेगळा मागावा. पुढील वर्षांतील रक्ततपासण्या आणि आयुष्यभर घ्यावयाच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांचा हिशेब त्या अंदाजपत्रकात सहसा नसतो. तो घरीच मांडावा लागतो.