नाव कोणी ठेवायचं?

फौजेत असताना जवानांची कागदपत्रं माझ्या हाताखालून जात. जातीच्या रकान्यात पंजाबचा जवान लिहायचा 'आद-धर्मी', तमिळनाडूचा 'आदि द्राविड', विदर्भातला 'नवबौद्ध'. सरकारदरबारी तिघेही एकाच वर्गातले. मग ही वेगवेगळी नावं आली कुठून?

१९१७ साली बेझवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, पंचमांची परिषद भरली. अध्यक्ष होते हैदराबादचे भाग्यरेड्डी वर्मा. त्यांनी 'पंचम' या शब्दालाच हरकत घेतली आणि परिषदेला 'आदि-आंध्र' हे नाव घ्यायला लावलं. पंचम म्हणजे चार वर्णांबाहेरचे. आदि म्हणजे इथले मूळचे. एका शब्दात बाजू उलटली. १९२२ मध्ये एम. सी. राजा यांनी हाच मुद्दा मद्रासच्या कायदेमंडळात नेला: सरकारी कागदांतून 'परैया' आणि 'पंचम' काढा, 'आदि द्राविड' लिहा. पंजाबात मंगू राम यांनी १९२६ मध्ये आद-धर्म चळवळ उभी केली आणि १९३१ च्या जनगणनेत चार लाखांवर लोकांनी तोच आपला धर्म म्हणून नोंदवला. हा नुसता अभिमानाचा मामला नव्हता, मंडळी. त्या काळी कायदेमंडळातल्या जागांचा वाद डोकी मोजून चालत होता.

मग आला 'हरिजन'. गांधीजींचं त्या नावाचं साप्ताहिक फेब्रुवारी १९३३ मध्ये निघालं. शब्द माझा नाही, 'अस्पृश्य' म्हणू नका अशी तक्रार करणाऱ्यांपैकीच एकाने तो सुचवला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत काय झालं पाहा. लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीत अनुसूचित जातींसाठी 'हरिजन' हा शब्द घालायचा ठरलं. नाशिकचे भाऊराव, म्हणजेच दादासाहेब गायकवाड, उभे राहिले. त्यांचा सवाल साधा होता: आम्ही देवाची माणसं, तर बाकीचे कोणाची? ज्यांचं बारसं चाललं होतं त्यांचेच प्रतिनिधी 'नको' म्हणत होते. तरीही बहुमताने शब्द राहिला. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहातून बाहेर पडले.

शब्द गोड होता की कडू, हा माझ्या मते तिथला वाद नव्हताच. तो अधिकाराचा होता. याला पुरावा फौजेतलाच देतो. गावात ज्या जातीच्या नावाने हाक मारून माणसाला वेशीबाहेर ठेवलं, तेच नाव १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या जवानांनी खांद्यावर मिरवलं. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि जातीच्या नावाची पलटण त्यांना खटकली नाही. कारण १८९० च्या दशकात बंद केलेली भरतीची वाट तिने पुन्हा खुली केली होती. आज त्या रेजिमेंटमध्ये देशभरातल्या अनेक जातींचे जवान आहेत आणि सगळे ते नाव अभिमानाने सांगतात.

'दलित' शब्दाचंही तसंच. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या जाहीरनाम्यात भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी, स्त्रिया असे सगळेच दलित होते. इतकी मोठी छत्री सर्वांना मानवली नाही. वर्ग आधी की जात, मार्क्स की बुद्ध, यावर नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्या वाटा दोन वर्षांतच वेगळ्या झाल्या. २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना हा शब्द टाळण्याचा सल्ला दिला. प्रमाणपत्रावर 'अनुसूचित जाती' हवं, हे बरोबर. पण माणसाने स्वतःला काय म्हणवून घ्यावं, यात मंत्रालयाने पडू नये असं मला वाटतं.

आणि 'बौद्ध'? १९५६ ला नागपुरात लाखोंनी धम्म घेतला. जुनं नाव टाकलं, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राची दुरुस्ती यायला १९९० उजाडलं. म्हणजे चौतीस वर्षं केंद्राच्या नोकरीचा अर्ज भरताना तरुणापुढे दोनच वाटा होत्या: रकान्यात खरं लिहायचं आणि राखीव जागा सोडायची, नाहीतर टाकून दिलेलं नाव पुन्हा स्वतःच्या हाताने लिहायचं.