पाडव्याची उचल



वऱ्हाडात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला बदलते. दारोदारी गुढ्या उभ्या राहत असतात आणि त्याच सकाळी एखाद्या ओसरीवर मालक, गडी व मध्यस्थ बसून वर्षाचा सौदा ठरवितात. रोख किती, ज्वारी किती, पोळ्याला कपडे कोणते. आणि मुख्य म्हणजे आज हातावर उचल किती. माझे वडील सालदार होते. त्यामुळे गुलामगिरीच्या इतिहासासाठी मला रोमपर्यंत जावयाचे कारण नाही, ओसरीवरून निघाले तरी पुरे.

आधी कापसाची गोष्ट सांगतो. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्या वेळी मँचेस्टरच्या गिरण्या मुख्यतः अमेरिकेच्या कापसावर चालत, आणि तो कापूस तेथील गुलाम पिकवीत. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तो अडला, तेव्हा गिऱ्हाइकाची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोचला. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. आपल्या देशात कंपनी सरकारने १८४३ सालीच गुलामावरील मालकी अमान्य केली होती. परंतु १८५९ साली सरकारने दुसराच एक कायदा केला. उचल घेऊन काम टाकणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटने पैसे परत करावयास लावावे किंवा कामावर धाडावे, आणि त्याने न ऐकल्यास तुरुंगात टाकावे, असा तो कायदा. १९२५ साली तो रद्द करण्याचे ठरेपर्यंत, माणूस विकणे हा जसा गुन्हा होता, तसा उचल फिटण्याआधी माणसाने निघून जाणे हाही गुन्हा होता!

उचलीचे टोक कोठवर जाते ते ठाणे जिल्ह्यात दिसले. तेथे वारल्याने लग्नासाठी जमीनदाराचे कर्ज घेतले की नवराबायको दोघेही त्याच्या घरी राबत. त्याला 'लग्नगडी' हेच नाव होते. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी किसान सभेतर्फे डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांना संघटित केले, तेव्हा ही पद्धत मोडू लागली.

स्वतंत्र भारताच्या घटनेने तेविसाव्या कलमात वेठीस मनाई केली. तरी वेठबिगारीचा खास कायदा व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले. तो प्रत्येकाने वाचावा. उचलीच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याची किंवा बाजारभावाने श्रमाचे फळ विकण्याची मोकळीक गमवावी लागली, तर ती वेठबिगारी; तसले कर्ज बुडीत; आणि ते कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर. या शेवटच्या कलमाइतके मजुराच्या बाजूचे कलम मला दुसरे सापडलेले नाही.

"पण तो आपल्या खुशीने येतो," असे मला नेहमी ऐकविले जाते. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली न्यायमूर्ती भगवतींनी याचे उत्तर दिले आहे. भूक आणि दारिद्र्य यांमुळे माणूस किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबत असेल, तर तीही सक्तीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

येथे संत्र्याचे बागाईतदार बसले आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. प्रत्येक सालदार वेठबिगार नाही आणि प्रत्येक मालक सावकार नाही. कित्येक मालक स्वतःच बँकेच्या आणि व्यापाऱ्याच्या देण्यात बुडालेले आहेत, हे मी जाणतो. मला विचारावयाचे ते एवढेच, की गड्याला मधेच साल सोडता येते काय? रात्रीचे ओलीत आणि दिवसाची निगराणी मिळून त्याला किमान वेतन पडते काय? आणि हिशेबाची वही त्याला वाचावयास मिळते काय?

ही वही मी लहानपणी पाहिली आहे. त्या पाडव्याला मी बारा वर्षांचा होतो. शाळा पुढे सुटली, पण आकडे वाचता येत होते. आई आजारी असताना वडिलांचे नऊ दिवस मोडले होते. वहीत खाडे एकोणीस मांडले होते आणि तेवढी रक्कम नव्या सालाच्या उचलीत चढविली होती. मी ते मोठ्याने वाचले. मालक काही बोलले नाहीत. वडिलांनीच माझा दंड धरला आणि म्हणाले, "गप राय बाप्पा, साल ठराचं हाये अजून."

तेव्हा तो कायदा होऊन आठ वर्षे झाली होती.